तुम्ही विचारलंत म्हणून : डार्ट्समध्ये एवढं बघायचं तरी काय?

डिसेंबर लागला की हा प्रश्न ठरलेला. "पबच्या भिंतीवर बाण मारायचे, त्याची कसली आली वर्ल्ड चॅम्पियनशिप? आणि त्यासाठी रात्र-रात्र जागतोस?" विचारणारे बहुतेक जण आपलेच असतात, म्हणून उत्तरही मनापासून देतो.

आधी जागेचं सांगतो. उत्तर लंडनमधल्या टेकडीवर अलेक्झांड्रा पॅलेस नावाची जुनी, भव्य वास्तू आहे. व्यावसायिक खेळाडूंची ही स्पर्धा 2007 च्या डिसेंबरपासून तिथे भरते. डिसेंबरच्या मध्याला सुरू होते आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेबारा, त्यामुळे जागरणाला इलाज नाही. हॉलमध्ये लांबच लांब टेबलं, सोंगं घेऊन आलेले हजारो लोक, बिअर आणि अखंड गाणी. टीव्हीवर पाच मिनिटं बघणाऱ्याला हा गोंगाटच दिसतो. पण त्या गोंगाटाकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाला सुमारे 8 मिलिमीटर उंचीची पट्टी गाठायची असते, तीही 2.37 मीटरवरून. टेनिसमध्ये सर्व्हिसच्या वेळी पंच प्रेक्षकांना गप्प करतात. इथे ऐन नेमाच्या वेळी लोक गात असतात.

खेळ समजायला सोपा आहे. प्रत्येकाकडे 501 गुण, आळीपाळीने तीन-तीन डार्ट, आणि गुण कमी करत बरोबर शून्यावर यायचं. अशा एका डावाला लेग म्हणतात आणि काही लेग मिळून एक सेट होतो. सगळे ट्रिपल 20 च्या, म्हणजे 20 च्या भागातल्या तिप्पट गुणांच्या त्या चिंचोळ्या पट्टीच्या मागे असतात, कारण तीन डार्टांचे 180 तिथेच होतात. पण 20 च्या एका बाजूला 1 आहे आणि दुसऱ्या बाजूला 5. बोटभर चुकलात की बोर्ड तिथल्या तिथे वसूल करतो.

खरी गंमत शेवटी. शेवटचा डार्ट डबलमध्ये, म्हणजे दुप्पट गुणांच्या सगळ्यात बाहेरच्या चिंचोळ्या कड्यात किंवा अगदी मधल्या ठिपक्यातच लागला पाहिजे. कॅरममध्ये क्वीन घेतली तरी कव्हर मिळेपर्यंत ती आपली नसते, तसंच इथे 499 गुण खरवडून काढले तरी डबल बसेपर्यंत हातात काहीच नाही. म्हणून खेळाडू आधीपासून हिशेब लावत येतात. अनेकांना 32 उरवायला आवडतं, कारण डबल 16 हुकून डार्ट साध्या 16 मध्ये गेला तर 16 उरतात, मग डबल 8. तोही साध्या 8 मध्ये गेला तर डबल 4, मग डबल 2, मग डबल 1. चुकलं तरी वाट बंद होत नाही. उलट 18 उरले आणि डबल 9 ऐवजी साधा 9 लागला की विषम आकडा गळ्यात पडतो. तो सम करायला एक डार्ट खर्ची पडतो आणि तेवढ्यात समोरचा संपवून जातो. हा हिशेब डोक्यात, डार्ट हातात असताना, दोन-चार सेकंदांत होतो. मला या खेळाचं वेड लागलं ते इथे.

एका डबलची किंमत काय असते? 3 जानेवारी 2024 ची फायनल घ्या. ल्यूक लिटलर सोळा वर्षांचा, पहिल्यांदाच या स्पर्धेत खेळत होता, आणि ल्यूक हम्फ्रीजविरुद्ध 4-2 ने पुढे होता. सेट 5-2 करायला त्याला डबल 2 हवा होता. तो हुकला. हम्फ्रीजने तो सेट घेतला आणि पुढचे सगळे सेटही घेऊन फायनल 7-4 ने जिंकली. पुढच्याच वर्षी लिटलरने मायकेल व्हॅन गर्वेनला 7-3 हरवलं आणि सतराव्या वर्षी विश्वविजेता झाला. या वयात एवढा मोठा घाव पचवून कोणी वर्षभरात परत येतं, हे मला त्याच्या नेमाइतकंच विलक्षण वाटतं.

आणि 2023 ची फायनल. मायकेल स्मिथ आधीच्या दोन फायनल हरलेला, त्यातली एक याच व्हॅन गर्वेनकडून. दुसऱ्या सेटमध्ये व्हॅन गर्वेनचे आठ डार्ट एकामागून एक अचूक बसले. 501 गुण कमीत कमी नऊ डार्टांत संपतात. हा नाइन-डार्टर म्हणजे या खेळातली परिपूर्ण लेग. नववा डार्ट डबलच्या तारेबाहेर गेला. आता लक्षात घ्या, स्मिथही तोवर एकही डार्ट चुकला नव्हता. तो पुढे आला, तीन डार्ट फेकले आणि त्याच लेगमध्ये नाइन-डार्टर पूर्ण केला. समालोचकांचे आवाज चिरकले. स्मिथ ती फायनल 7-4 ने जिंकला. डार्ट्सची याहून मोठी लेग मी पाहिलेली नाही.

यात कोणी कोणाला अडवत नाही. वारा नाही, खेळपट्टी नाही, टॉसचं रडगाणं नाही, पंचाचा वादग्रस्त निर्णय तर क्वचितच. हात थरथरला तर तो कॅमेऱ्यात दिसतो. एरिक ब्रिस्टोसारख्या पाच वेळच्या विश्वविजेत्याला एका काळात डार्ट बोटांतून सुटेचना. या व्याधीला 'डार्टायटिस' म्हणतात. चेष्टेचा विषय नाही हा, कारकिर्दी खाऊन टाकतो.

माणसंही बघण्यासारखी. सोळा वेळा विश्वविजेता झालेला फिल टेलर आधी इंग्लंडमधल्या स्टोकच्या चिनी मातीच्या वस्तूंच्या कारखान्यात कामाला होता. त्याला 2007 च्या फायनलमध्ये अगदी शेवटच्या लेगमध्ये हरवणारा रेमंड व्हॅन बार्नवेल्ड आधी पोस्टमन. आणि टेलरच्या शेवटच्या सामन्यात, 2018 च्या फायनलमध्ये, त्याला 7-2 हरवणारा रॉब क्रॉस थोड्याच काळापूर्वीपर्यंत इलेक्ट्रिशियन. फॅलन शेरॉकने 2019 च्या डिसेंबरमध्ये पुरुषांना हरवत दोन फेऱ्या जिंकल्या. याआधी या स्पर्धेत एकाही बाईने सामना जिंकला नव्हता. दुसऱ्या फेरीत तिने मेन्सूर सुल्योविचसारख्या मुरलेल्या खेळाडूला घरी पाठवलं, तेव्हा हॉल डोक्यावर घेतला होता लोकांनी.

आपलं कोणी आहे का, हा पुढचा प्रश्न. आहे. नितीन कुमार 2018 पासून या स्टेजवर जात होता आणि हरून परतत होता. 2025 च्या डिसेंबरमध्ये त्याने नेदरलँड्सच्या रिचर्ड वेनस्ट्राला 3-2 ने हरवलं. या स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे याची जेवढी बातमी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, याचं मला वाईट वाटतं.

तेव्हा पुढच्या डिसेंबरला एक रात्र माझ्याबरोबर बसा. गाण्यांकडे, सोंगांकडे खुशाल दुर्लक्ष करा. स्क्रीनच्या कोपऱ्यात उरलेले गुण दिसतात, तेवढ्यावर नजर ठेवा आणि खेळाडू कुठे मारेल ते त्याच्याआधी ओळखायचा प्रयत्न करा. चहा माझ्याकडे.