देव अजून बोलतोय म्हणणारे शेजारी

सॉल्ट लेक सिटीत आमच्या शेजारी एक आजी राहतात. इथं राहायला आल्या आल्या मी त्यांना चहाला बोलावलं, तर त्या आल्या पण चहा घेतलाच नाही. त्यांच्या चर्चमधे चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं बंद, आणि हे बायबलमधलं नाही हां, 1833 साली चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला देवानं सांगितलं अशी त्यांची श्रद्धा. आपण ज्यांना मॉर्मन म्हणतो ते हेच लोक, पण त्यांना चर्चचं पूर्ण नाव घेतलेलं आवडतं, द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स.

त्यांची धर्मशास्त्रं चार. बायबल, बुक ऑफ मॉर्मन, पर्ल ऑफ ग्रेट प्राइस आणि डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स, हे शेवटचं म्हणजे बहुतेक जोसेफ स्मिथला झालेली प्रकटीकरणंच, म्हणजे देवानं त्याला थेट सांगितलेलं. बायबल देवाचं वचन, पण भाषांतर बरोबर झालंय तिथपर्यंतच, असं ते मानतात. आणि देव आजही बोलतो, चर्चचे अध्यक्ष त्यांच्यासाठी संदेष्टा, मोशेसारखाच.

कोल्हापूरचा माझा शाळेतला मित्र वाइल्डर मेमोरियल चर्चला जातो, त्याला फोनवर हे सांगितलं तर तो लगेच म्हणाला, अरे भावा, बायबलमधलं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या शेवटी स्पष्ट लिहिलंय की यात कुणी भर घालू नये! मी ते आजींना विचारलं. त्यांनी शांतपणे बायबलमधल्याच अनुवाद नावाच्या जुन्या पुस्तकातलं 4:2 काढून दिलं, तिथंपण तेच लिहिलंय, भर घालू नका, आणि त्याच्यानंतर बायबलमधे किती पुस्तकं आली बघ म्हणाल्या. मित्राला हे पटलं नाही. मला मात्र मुद्दा बिनतोड वाटला.

पण मला खरं लागलं ते 1978 चं. काळ्या वंशाच्या पुरुषांना या चर्चमधे याजकपद, म्हणजे धार्मिक विधी करायचा अधिकार, मिळत नव्हतं, काळ्या बायकांनापण मंदिरातले मुख्य विधी बंद. जोसेफ स्मिथच्या काळात काही काळ्या पुरुषांना ते मिळालेलं होतं, त्याच्यानंतरचा अध्यक्ष ब्रिगहॅम यंग यानं 1852 ला बंदी जाहीर केली आणि मग सव्वाशे वर्षं तसंच चाललं. जून 1978 मधे अध्यक्ष स्पेन्सर किंबॉल आणि बारा प्रेषितांनी सांगितलं की प्रकटीकरण झालंय, बंदी उठली. 30 सप्टेंबरला परिषदेत लोकांनी हात वर करून ते स्वीकारलं आणि ते आता शास्त्रात छापलेलं आहे.

हे ऐकताना मला पंचगंगेचा घाट दिसत होता. 1899 साली खुद्द शाहू महाराजांना पुरोहितानं वेदोक्त मंत्र नाकारले, का तर म्हणे तुम्ही शूद्र. आपल्याकडं त्यासाठी महाराजांना भांडावं लागलं. अप्पांना फोनवर हे सगळं सांगितलं तर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "व्हय रे, पण मग देवाला सांगायला एवढी वर्षं का लागली? विचार की त्यास्नी."

धीर करून विचारलं. आजी म्हणाल्या, ती बातमी आली तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन रडले होते, आणि तुझ्या वडिलांचा प्रश्न मी तेव्हापासून रोज प्रार्थनेत विचारते. देव उशीर करत नव्हता, आम्हीच ऐकत नव्हतो असं त्यांना वाटतं, पण तसं शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही हेपण त्यांनीच सांगितलं.

रविवारी अप्पांना फोन करून सांगतो.