पातालपानीच्या जुन्या घाटमार्गाकडे जाताना चुकलेली गाडी आणि भाड्याचा परतावा

इंदूर ते खांडवा या जुन्या मीटरगेज (एक मीटर रुंदीच्या रुळांच्या) लोहमार्गापैकी पातालपानी ते कालाकुंड हा जेमतेम साडेनऊ किलोमीटरचा घाटातला तुकडा आज केवळ पर्यटकांच्या गाडीसाठी राखून ठेवलेला आहे. ती गाडी २५ डिसेंबर २०१८ रोजी सुरू झाली, तेव्हा साध्या प्रवासी गाड्याही याच रुळांवरून जात होत्या. २०२३ च्या सुरुवातीला त्या थांबल्या. ब्रॉडगेजसाठी, म्हणजे अधिक रुंद रुळांसाठी, हा घाट फारच चढाचा असल्यामुळे नवा मार्ग कमी चढाच्या पण लांबच्या वळणाने नेला जात आहे आणि जुना घाट उखडून न टाकता वारसा म्हणून जपला गेला आहे. आपल्याकडे बंद पडलेल्या बहुतेक छोट्या मार्गांच्या वाट्याला हे भाग्य आलेले नाही. आमच्या नाशिकचेच उदाहरण घ्यायचे, तर गाव आणि नाशिकरोड स्थानक यांच्यामधील आठ-नऊ किलोमीटरच्या अंतरासाठी १८८९ मध्ये सुरू झालेली आणि प्रारंभी घोड्यांनी ओढली जाणारी ट्राम १९३० च्या दशकाच्या आरंभी बंद झाली आणि आज तिचा रूळही कोठे दिसत नाही.

पातालपानीच्या गाडीत बसण्याची इच्छा माझ्यापेक्षा माझ्या आईची अधिक होती. तिचे माहेर इंदूरचे. लग्नानंतर कित्येक वर्षे ती नाशिकरोडहून खांडव्यापर्यंत मोठ्या गाडीने आणि तेथून पुढे मीटरगेजने या घाटातूनच माहेरी जात असे. हा मार्ग उभा राहिला तोही होळकरांमुळे. महाराज तुकोजीराव दुसरे यांनी १८७० मध्ये ब्रिटिश सरकारला त्यासाठी एक कोटी रुपयांचे कर्ज दिले होते. इंदूरच्या मराठी घरांमध्ये ही गोष्ट आजही अभिमानाने सांगितली जाते आणि आईने ती मला लहानपणापासून ऐकवलेली आहे.

अडचण अशी की खांडव्याहून इंदूरला थेट नेणारा तो जुना रस्ताच आता खंडित झालेला आहे. त्यामुळे आम्ही नाशिकरोडहून रात्रीच्या गाडीने भोपाळ आणि भोपाळहून दुपारच्या गाडीने इंदूर असे जायचे ठरवले. पर्यटकांची गाडी आठवड्याच्या अखेरीस आणि मुख्यतः पावसाळ्याच्या हंगामात चालते, ती पातालपानीहून सकाळी अकराच्या सुमारास निघते, आणि तिचे आरक्षण आम्हाला शनिवारचे मिळाले होते. म्हणून गुरुवारी रात्री निघून शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मामांकडे पोहोचायचे आणि शनिवारी सकाळी महूमार्गे पातालपानी गाठायचे, असा बेत होता. पावसाळ्यात गाड्यांना उशीर होतो हे ठाऊक असल्यामुळे भोपाळला दोन गाड्यांच्या मध्ये साडेतीन तासांचे अंतर ठेवले होते.

याच टप्प्यावर मी दोन्ही तिकिटांचे पीएनआर, म्हणजे आरक्षणाचे क्रमांक, एकमेकांना जोडून घेतले आणि पुढे जे घडले त्यात याचाच उपयोग झाला. भारतीय रेल्वेने १ एप्रिल २०१९ पासून ही सोय सर्व वर्गांच्या आरक्षित तिकिटांसाठी दिलेली आहे, परंतु माझ्या ओळखीच्या नियमित प्रवाशांनाही ती माहीत नव्हती. पहिली गाडी उशिरा पोहोचल्यामुळे दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाचे भाडे रद्द करण्याचे शुल्क न कापता परत मिळते; मात्र त्यासाठी दोन्ही पीएनआर प्रवासापूर्वी जोडलेले असावे लागतात. जोडणीची मुख्य अट अशी की दोन्ही तिकिटांवरील प्रवाशांची नावे, वय आणि लिंग तंतोतंत एकच असले पाहिजे. मामा म्हणाले होते, "इंदूरचं तिकीट मी इथून काढून ठेवतो, तू कशाला त्रास घेतेस?" त्यांना मी नम्रपणे नको म्हटले, कारण ते आईचे नाव माहेरच्या सवयीने लिहितील आणि नाशिकच्या तिकिटावर ते आधार कार्डाप्रमाणे असेल, अशी मला धास्ती होती. दुसरी काळजी स्थानकाची होती. भोपाळ शहरात भोपाळ जंक्शनखेरीज राणी कमलापती हेही मोठे स्थानक आहे आणि आमच्या मार्गावरील अनेक गाड्या तेथेही थांबतात. पहिला प्रवास जेथे संपतो तेथूनच दुसरा सुरू व्हावा म्हणून मी दोन्ही तिकिटांवर भोपाळ जंक्शनच घेतले. आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर पहिले तिकीट काढल्यावर त्याच तिकिटावरून पुढच्या प्रवासाचे आरक्षण करता येते. मी ते तसेच केले आणि दोन्ही पीएनआर एकमेकांशी जोडले गेल्याची नोंद तिकिटांच्या इतिहासात दिसते आहे याची खात्री करून घेतली.

नाशिकरोडला गाडी तासाभराने उशिरा आली. उशीर सुरुवातीलाच तीन तासांहून अधिक असता, तर आम्हाला प्रवास न करता आणि गाडी नाशिकरोडहून सुटण्यापूर्वी टीडीआर (भाडे परत मागण्याचा अर्ज) दाखल करून पहिल्या तिकिटाचेही पूर्ण भाडे मागता आले असते. हाही नियम फार कामाचा आहे, पण त्याची अट कठोर आहे : एकदा गाडीत पाऊल ठेवले की तो हक्क संपतो. एका तासाच्या उशिरात असा काही प्रश्नच नव्हता. आम्ही बसलो, आईला खालची बर्थ मिळाली होती आणि मनमाड येण्यापूर्वीच ती झोपली.

खरा उशीर रात्री उशिरा, खांडव्याच्या पुढे झाला. पावसामुळे गाड्या थांबवून थांबवून सोडल्या जात होत्या आणि उजाडले तेव्हा आमची गाडी एका लहान स्थानकाच्या अलीकडे सिग्नलपाशी उभी होती. तिकीट तपासनिसांनी शांतपणे सांगितले की इटारसीपर्यंत असेच चालेल. मी रेल्वेच्या अधिकृत धावस्थिती सेवेवर वेळ पाहत राहिले. भ्रमणध्वनीवरील अनेक खासगी ॲप प्रवाशांच्या फोनच्या ठावठिकाण्यावरून गाडीचा अंदाज बांधतात. ती सोयीची असली तरी परताव्याच्या कामी रेल्वेच्या स्वतःच्या नोंदीतली वेळच धरली जाते, म्हणून मी अधिकृत नोंदीचीच छायाचित्रे जपून ठेवली.

आमच्या समोरच्या बाकावर एक गृहस्थ होते. त्यांनाही भोपाळहून पुढे उज्जैनला जायचे होते आणि त्यांची गाडी आमच्या गाडीच्याही आधी सुटणार होती. त्यांची दोन्ही तिकिटे पक्की होती, पण जोडलेली नव्हती. त्यांनी मला विचारले, "ताई, आता हे ऑनलाइन रद्द केलं तर काही मिळेल का?" मला त्यांना मनाविरुद्ध सांगावे लागले की दुसरी गाडी तिच्या वेळेवर सुटणार असेल, तर रेल्वेच्या दृष्टीने ते केवळ गाडी चुकलेले प्रवासी ठरतात आणि सुटण्याच्या इतक्या जवळ आल्यावर पक्क्या तिकिटाचे काहीही परत मिळत नाही. दोघांचा उशीर एकच होता, कारणही एकच होते, आणि तरीही आरक्षणाच्या वेळी केलेल्या एका लहानशा नोंदीमुळे आमचे भाडे सुरक्षित राहिले आणि त्यांचे गेले. ही जोडणी आरक्षण करतानाच प्रत्येक प्रवाशाला ठळकपणे विचारली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

इटारसी सुटल्यावर आईनेही विचारले की आता लगेच अर्ज का करत नाहीस. मी थांबले, कारण वेळापत्रकात मोठ्या स्थानकांपूर्वी काही मोकळा वेळ धरलेला असतो आणि गाडी त्यात उशीर भरून काढू शकते. शिवाय मुदत सुरू होते ती पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून. ई-तिकीट असेल तर त्या वेळेपासून तीन तासांच्या आत टीडीआर दाखल करावा लागतो. खिडकीवरून घेतलेले कागदी तिकीट असेल, तर तितक्याच वेळात स्थानकावरील आरक्षण खिडकीशी जाऊन ते परत करावे लागते. तीन तास ऐकायला पुष्कळ वाटतात. परंतु रात्रभर जागलेल्या, सामान सांभाळणाऱ्या आणि इंदूरला जायचे दुसरे साधन शोधणाऱ्या माणसाचे ते पाहता पाहता संपतात, आणि मुदत संपल्यावर कोणतीही सबब चालत नाही.

भोपाळला उतरलो तेव्हा इंदूरची गाडी सुटून गेली होती. मी आईला प्रतीक्षालयात बसवले, चहा आणून दिला आणि पुढच्या प्रवासाची चौकशी करण्याआधी अर्ज पुरा केला. तिकिटांच्या इतिहासात टीडीआर दाखल करण्याचा पर्याय असतो. तेथे दुसऱ्या गाडीचा पीएनआर निवडला, प्रवास न केलेल्या आम्हा दोघींच्या नावांवर खूण केली आणि कारणांच्या यादीतून पहिल्या गाडीच्या उशिरामुळे पुढची गाडी चुकल्याचे कारण घेतले. ही यादी घाईने पाहू नये. त्यात गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असल्याने प्रवास केला नाही, असेही एक कारण आहे. ते स्वतः उशिरा धावणाऱ्या गाडीसाठी आहे आणि आमची इंदूरची गाडी तर वेळेवर सुटली होती. असा दावा रेल्वेच्या संबंधित विभागाकडे तपासणीसाठी जातो आणि तेथे तो नोंदींशी ताडून पाहिला जातो, म्हणून चुकीचे कारण नोंदवणे म्हणजे हातचा हक्क घालवणे होय. अर्ज पोहोचल्याची नोंद आल्यावर मी तिचेही छायाचित्र घेतले आणि मगच बसची चौकशी केली. भोपाळ ते इंदूर अंतर १९० किलोमीटरच्या आसपास आहे आणि दोन्ही शहरांमध्ये बसगाड्या सतत चालू असतात. रात्री उशिरा का होईना आम्ही मामांच्या दारात पोहोचलो. मामीने गरम पोहे पुढे ठेवले आणि आईचा शीण निम्मा उतरला.

शनिवारी सकाळी इंदूरहून महू आणि तेथून रिक्षाने पातालपानी गाठले. गाडीला डिझेल इंजिन आणि मोठ्या काचांचे डबे होते. पातालपानी वर, पठाराच्या कडेला आहे आणि कालाकुंड खाली, चोरल नदीच्या काठी. त्यामुळे जाताना गाडी घाट उतरते. उताराचे प्रमाण चाळिसास एक, म्हणजे चाळीस मीटर अंतरात एक मीटर उतार, असे आहे. आमच्या कसारा घाटात ते सदतिसास एक आहे, आणि कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना गाडीला मागून जादा इंजिने लावलेली आपण नाशिककर नेहमी पाहतो. कालाकुंडलाही पूर्वी वर चढणाऱ्या गाड्यांना तसेच इंजिन जोडत असत, आणि ते लागेपर्यंतच्या वेळात फलाटावर पानाच्या द्रोणात कलाकंद विकला जाई, असे आई सांगत होती. पातालपानीजवळ ब्रिटिशांविरुद्ध लढलेले आदिवासी वीर तंट्या भिल्ल यांचे देवस्थान आहे. तेथे गाडी क्षणभर थांबवून मगच पुढे नेण्याची चालकांची परंपरा होती. धबधबा दिसतो त्या जागी गाडी मुद्दाम थांबवतात. पुढे चार बोगदे आहेत आणि प्रत्येक बोगद्यानंतर दरी निराळ्या बाजूला येते. आई खिडकीपाशी बसून पुढे काय येणार ते आधीच सांगत होती आणि शेजारच्या डब्यातली मुले तिच्याभोवती जमली होती. कालाकुंडला गाडी बराच वेळ थांबते. कलाकंद तेथे आजही मिळतो आणि आम्ही तो मामांकडच्या सर्वांसाठी बांधून घेतला.

नाशिकला परतल्यावर मी टीडीआरची स्थिती अधूनमधून पाहत राहिले. काही काळ ती तपासणीखाली असल्याचेच दिसत होते. कोणाला दूरध्वनी करावा लागला नाही किंवा कागद पाठवावे लागले नाहीत. काही आठवड्यांनी भाड्याची रक्कम ज्या खात्यातून पैसे भरले होते त्याच खात्यात जमा झाली. आरक्षणाच्या वेळी घेतलेले सुविधा शुल्क परत मिळत नाही, आणि भोपाळहून केलेल्या बसचा खर्चही या नियमाने भरून निघत नाही.

बसच्या खर्चासाठी ग्राहक मंचाकडे जावे असे एका नातेवाइकांनी सुचवले. त्याला आधारही आहे. जम्मूला चार तास उशिरा पोहोचलेल्या गाडीमुळे श्रीनगरचे विमान चुकलेल्या एका प्रवाशाला देण्यात आलेली ३०,००० रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये कायम ठेवली. उशीर आपल्या आटोक्याबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेने सिद्ध केले पाहिजे, नाहीतर भरपाई दिली पाहिजे, असे त्या निकालात म्हटले आहे. आमच्या बाबतीत मार्गावर खरोखरच मुसळधार पाऊस होता आणि गाड्या जपून सोडल्या जात होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. तेव्हा तक्रार करण्यासारखे काही आहे असे मला वाटले नाही आणि मी ती केली नाही.

इंदूरहून परत येताना मी भोपाळपर्यंतचे आणि तेथून नाशिकरोडचे तिकीट आधीच जोडून घेतलेले होते. त्या वेळी दोन्ही गाड्या वेळेवर धावल्या.