शरीफजींच्या नावाची गोष्ट

शिवाजी महाराजांच्या चुलत्यांचं नाव शरीफजी. शाळेच्या पुस्तकात ते वाचून आपण सरळ पुढच्या ओळीवर जातो. मालोजीराजांना मूल होईना, म्हणून नगरच्या शाह शरीफ पीराला नवस बोलले गेले आणि दोन मुलगे झाले, अशी परंपरा आहे. पीराचं एकच नाव दोघा भावांना वाटून दिलं: शहाजी आणि शरीफजी. मागे ‘जी’ लागला की अरबी नावही तानाजी-येसाजींच्या पंगतीत मांडी घालून बसतं.

अरबीत मात्र शरीफ म्हणजे उच्चकुलीन. पुढे ते प्रेषितांच्या वंशजांचं, त्यातही त्यांचे नातू हसन यांच्या शाखेचं बिरुद झालं. मक्केच्या अमीराला ‘शरीफ’च म्हणत. दहाव्या शतकापासून १९२५ पर्यंत ही गादी त्याच वंशात राहिली. १९१६ साली तुर्कांविरुद्ध उठलेले हुसेन त्यातलेच. जॉर्डनचे आजचे राजे त्यांचे खापरपणतू. चौदाव्या शतकात कैरोच्या सुलतानानं फर्मान काढलं, की शरीफांनी पागोट्यावर हिरवी खूण लावावी. शिवाय खोटे दावेदार हुडकायला, वंशावळी तपासायला नकीब नावाचा अधिकारी. लग्न जमवणाऱ्या आपल्याकडच्या आत्याबाईंना हे काम बिनपगारी जमलं असतं!

आपल्याकडे येईपर्यंत त्या शब्दाचं कूळ गळून पडलं. ‘शरीफ माणूस आहे’ म्हणताना त्याचे आजे-पणजे कोण विचारतो? घरभाडं वेळेवर दिलं की झालं. अन् खुद्द अरब जगातही सगळ्यांनी नकीबाला विचारलं असं नाही. अलेक्झांड्रियात १९३२ साली ख्रिस्ती घरात जन्मलेल्या मिशेल शलहूबनं सिनेमासाठी नाव घेतलं ओमर शरीफ. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त त्याच्या वाट्याला भूमिका आली तीही शरीफ अलीचीच.

आपले शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत पडले. निजामशाहीच्या त्या फौजेचा सूत्रधार मलिक अंबर. अंबर हेही अरबी नाव, समुद्रातून मिळणाऱ्या सुगंधी द्रव्याचं. गुलामांना अशी अत्तरा-रत्नांची नावं ठेवायची तिकडे रीत होती: काफूर, याकूत, अंबर. म्हणजे कुलीनाचं नाव लावलेला वेरूळच्या पाटलांचा मुलगा लढत होता तो गुलामाचं नाव घेऊन वजीर झालेल्या हबशाच्या हुकमाखाली.