म्युनिकच्या आजी, मार्लेन डीट्रिश आणि आपला 'पिंजरा'

पुण्याहून फोन आला की एक प्रश्न हमखास असतो, अगं तू त्या जर्मन लोकांशी बोलतेस तरी काय? मावशी विचारते, शाळेतल्या मैत्रिणी विचारतात, परवा तर सोसायटीतल्या काकांनीही विचारलं. म्हणून आज सविस्तरच लिहिते. हवापाण्याच्या गप्पा दोन मिनिटांत संपतात, पगाराचा विषय इथं कुणी काढत नाही, आणि घरातल्या गोष्टी ओळख चांगली मुरल्याशिवाय निघत नाहीत. पण जुने सिनेमे, जुनी गाणी, अमकी नटी कशी दिसायची आणि तमक्याचं पुढं काय झालं, हे काढून बघा, एरवी जिन्यात नुसती मान हलवून जाणारा माणूस अर्धा तास तिथंच उभा राहतो.

ऑफिसातल्या माझ्या वयाच्या मुलींना शाहरुख पाठ आहे. २००४ मध्ये इथल्या टीव्हीवर 'कभी खुशी कभी गम' जर्मनमध्ये डब करून दाखवला आणि तेव्हापासून त्याचं जे वेड लागलं ते लागलंच. कॉफी मशीनपाशी आमच्या शाहरुखवर भरपूर गप्पा होतात, मजा येते, पण त्याबद्दल तुम्हाला नवीन काय सांगणार.

माझी खरी गट्टी जमली ती खालच्या मजल्यावरच्या आजींशी. ऐंशी ओलांडलेल्या, ताठ कण्याच्या, लिपस्टिक लावल्याशिवाय कचरा टाकायलासुद्धा बाहेर न पडणाऱ्या. समोरासमोर मी त्यांना फ्राउ आणि आडनाव अशीच हाक मारते, इथं तेच रीतीला धरून असतं, पण तुम्हाला सांगताना तोंडात आजीच येतं. आपण घरी नसलो की कुरियरवाला आपलं पार्सल शेजाऱ्यांकडे देऊन जातो, तसं माझं त्यांच्याकडे गेलं होतं, ते आणायला गेले तर टेबलावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा उघडा होता आणि त्यात बिस्किटांऐवजी सिनेमाच्या पुस्तिका. चार-चार पानी, तपकिरी शाईत छापलेल्या, वर नटनटीचा फोटो, आत गोष्ट आणि कलाकारांची नावं, कडा अगदी मऊ झालेल्या. थिएटरात तिकिटाबरोबर विकत मिळायच्या म्हणे. मी तिथंच खुर्ची ओढून बसले, कारण आमच्या आजोबांकडे अशाच गाण्यांच्या चोपड्या होत्या, थिएटरात घेतलेल्या, सुतळीनं बांधून माळ्यावर ठेवलेल्या, आणि त्यांना हात लावायची आम्हा पोरांना सक्त मनाई होती.

डब्यात सगळ्यात वर होती 'सिसी', १९५५ ची. रोमी श्नायडर तेव्हा १७ वर्षांची, आणि सिनेमात तिच्या आईचं काम तिच्या खऱ्या आईनंच केलंय. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी झालेल्या एलिझाबेथची गोष्ट, जी मूळची इथली, बव्हेरियातली. अजूनही दर ख्रिसमसला टीव्हीवर लागतो आणि घरोघर बघतात. आजींनी तो शाळेत असताना बघितला आणि त्यानंतर केस तसेच वाढवायचा हट्ट धरला. नंतर एका रविवारी मला लोकलनं पोसेनहोफेनला घेऊन गेल्या, म्युनिकजवळच्या तळ्याकाठचं गाव, सिसीचं माहेरचं घर तिथलं. तळ्याच्या काठाकाठानं चालताना रोमीबद्दल सांगत होत्या, म्हणजे ती पुढं पॅरिसला कशी गेली, फ्रेंच नट आलां दलाँवर तिचं प्रेम, मुलाचा अपघाती मृत्यू, आणि पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, अवघ्या ४३ व्या वर्षी ती स्वतः गेली. आपल्याकडे मधुबालेबद्दल, स्मिताबद्दल बोलताना आई-मावशीचा आवाज जसा होतो ना, अगदी तसाच आवाज झाला होता.

मग त्यांनी विचारलं, तुमच्या गावात काय होतं? आता पुणेकराला हे विचारायचं म्हणजे! मी प्रभात फिल्म कंपनीपासून सुरू केलं. १९३३ मध्ये कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली, तिथं एवढा मोठा स्टुडिओ उभा केला, आज त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आहे, 'संत तुकाराम' १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, देव आनंद आणि गुरुदत्तची दोस्ती तिथलीच आणि तीसुद्धा लाँड्रीत शर्टांची अदलाबदल झाल्यामुळे. हा शर्टाचा किस्सा आजींना फारच आवडला. आणि मग मी म्हटलं की प्रभातचा 'सैरंध्री' हा रंगीत सिनेमा, त्याचं रंगांचं काम जर्मनीत झालं होतं, शांताराम बापू त्यासाठी स्वतः इकडं आले होते. रंग काही मनासारखे उतरले नाहीत, पण इथला सिनेमा बघून ते जे घेऊन गेले ते 'अमृतमंथन'मध्ये दिसतं, राजगुरूच्या डोळ्याचा तो क्लोजअप आठवा.

उलट दिशेची गोष्ट तर अजून भारी आहे आणि ती म्युनिकमध्ये जन्म काढलेल्या आजींनाही माहीत नव्हती. बॉम्बे टॉकीजचा दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन म्युनिकचा. 'अछूत कन्या' त्याचाच, १९३६ चा. त्याआधी १९२५ मध्ये हिमांशु राय आणि इथल्या एमेल्का कंपनीनं मिळून गौतम बुद्धावरचा मूकपट केला तोही ऑस्टेनकडेच होता. ऑस्टेन नाझी पक्षाचा सभासद झाला होता, ही गोष्ट मी आजींपासून लपवली नाही, त्यांनी फक्त खिडकीबाहेर बघितलं आणि पुढं बोल म्हणाल्या. त्याचा कॅमेरामन जोसेफ विर्शिंग, तोही म्युनिकचा, युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी त्याला जर्मन म्हणून नजरकैदेत टाकलं, सुटल्यावर मात्र तो भारतातच राहिला आणि 'महल' आणि 'पाकीजा' त्याच्या कॅमेऱ्यातून आले. १९६७ मध्ये गेला, 'पाकीजा' पुरा झालेला न बघताच. आपण ज्या 'पाकीजा'च्या फ्रेमा बघून वेडे होतो त्या या गावच्या माणसानं लावलेल्या आहेत, आणि या गावात त्याचं नाव ऐकलेला एकही माणूस मला अजून भेटलेला नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मुख्य गोष्ट. डब्यात मार्लेन डीट्रिशची, म्हणजे जर्मनीच्या त्या जगप्रसिद्ध नटीची, एकही पुस्तिका नव्हती. मी विचारलं तर आजी म्हणाल्या, आमच्या घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. मार्लेननं हिटलरच्या लोकांना नकार दिला, १९३९ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आणि युद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांपुढं गाणी म्हटली, म्हणून आजींची आई तिला देश सोडून गेलेली बाई म्हणायची. १९६० मध्ये ती गाण्याचे कार्यक्रम करायला परत आली तेव्हा विरोध झाला, निदर्शनं झाली. आजी तेव्हा तरुण होत्या, त्यांना जायचं होतं, आईनं जाऊ दिलं नाही. हे सांगताना त्या डब्याचं झाकण उघडत होत्या, लावत होत्या, परत उघडत होत्या.

मी म्हटलं, चला, आपण मार्लेनचा 'ब्लू एंजल' बघू आणि मग मी तुम्हाला आमचा 'पिंजरा' दाखवते. कारण 'पिंजरा'ची मूळ गोष्ट तिथलीच. हाइनरिश मान या लेखकाची १९०५ ची कादंबरी, तिच्यावरून १९३० चा सिनेमा, आणि त्यावरून १९७२ मध्ये आपला 'पिंजरा'. लागोपाठ दोन शनिवारी संध्याकाळी आम्ही दोन्ही बघितले, आजींच्या बैठकीत, पडदे ओढून, मी केलेला चिवडा त्यांनी चमच्यानं खाल्ला.

'ब्लू एंजल'मधला प्रोफेसर शाळेतल्या मुलांकडून लोला या गाणाऱ्या बाईची, म्हणजे मार्लेनची, फोटोकार्डं जप्त करतो आणि पुढं तिच्याशी लग्न करून तीच कार्डं स्वतः टेबलाटेबलावर विकत फिरतो. शेवटी विदूषक होऊन आपल्याच गावच्या लोकांपुढं कोंबड्यासारखा आरवतो. एमिल यानिंग्जनं ते असं केलंय की बघवत नाही. आणि मग 'पिंजरा', ज्या गुरुजींनी गावातून तमाशा हाकलला ते तमाशात तुणतुणं धरून उभे. आजींनी मला तिथं थांबवायला सांगितलं. डॉ. लागूंच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाल्या, हा कोण? मी म्हटलं, आमच्या पुण्यातले कान-नाक-घशाचे डॉक्टर! विश्वासच बसेना. मग सगळं सांगितलं, प्रॅक्टिस सोडून ते १९६९ मध्ये पूर्णवेळ नाटकात आले, 'नटसम्राट' केलं, आणि २०१९ मध्ये पुण्यातच गेले.

सबटायटल इंग्रजीत, आजींचं इंग्रजी बेताचं, त्यामुळे मी मधे मधे थांबवून सांगत होते, पण लावण्या लागल्या की त्या मला हातानं गप्प करायच्या. ढोलकी सुरू झाली की त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर वाजायची. राम कदमांचं संगीत आणि उषा मंगेशकरांचा आवाज, समजावून सांगायचं काही उरतच नाही. तमाशातल्या चंद्रकलेचं काम करणाऱ्या संध्याबाईंची त्यांनी मार्लेनशी तुलना केली आणि म्हणाल्या, मार्लेन काही न करता बसून राहते आणि माणूस खलास होतो, ही बाई सगळ्या अंगानं बोलते.

मग आमचा वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. आजींच्या मते 'ब्लू एंजल' जास्त खरा, कारण त्यात कुणालाच कुणाची पडलेली नाही, माणूस वर्गातल्या आपल्या टेबलाला घट्ट धरून मरतो आणि संपलं. माझ्या मते 'पिंजरा' दोन पावलं पुढं जातो. एकतर चंद्रकला शेवटी गुरुजींवर खरंच जीव लावते, लोला कधीच लावत नाही. आणि दुसरं म्हणजे गाव. गुरुजींचा खून झाला असं समजून गाव त्यांचा पुतळा उभारतं, आणि जिवंत गुरुजींवर स्वतःच्याच खुनाचा खटला चालतो, आणि ते गप्प राहतात, गावाची श्रद्धा मोडू नये म्हणून. मूळ गोष्टीत हे नाहीच, हे आपल्या लोकांनी घातलंय, आणि हे सुचायला फार मोठी ताकद लागते. लोक नक्कल नक्कल म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं, कारण मी आता दोन्ही पाठोपाठ बघितलेत. आजींनी एवढं मात्र मान्य केलं की पुतळ्याचा भाग त्यांच्या सिनेमात असता तर यानिंग्जला अजून काम मिळालं असतं.

आणि आता बातमी. आजी डिसेंबरात पुण्याला येतायत, मुलीबरोबर! मीही सुट्टी टाकलीये. आई आत्तापासून विचारतेय की त्यांना तिखट चालतं का. सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला नेणारच, आजी स्वतः चर्चच्या गायनमंडळात आहेत आणि दर डिसेंबरात बाखचं ख्रिसमसचं गाणं म्हणतात, त्यामुळे रात्री गाणं ऐकत बसायची सवय आहे, फक्त भारतीय बैठक जमणार नाही, खुर्चीचं तिकीट लागेल. लॉ कॉलेज रोडवरचं फिल्म अर्काइव्ह आणि इन्स्टिट्यूटमधला प्रभातचा जुना स्टुडिओ दाखवायचाय, आप्पा बळवंत चौकात जिथं प्रभात टॉकीज होतं तिथंही उभं करायचंय.

पण त्यांनी स्वतः होऊन एकच गोष्ट मागितलीये, लावणी समोर बसून बघायची आहे. तर बाळगंधर्वला किंवा आर्यभूषणला डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चांगला कार्यक्रम असेल तर प्लीज कळवा, रेकॉर्डवरचा नको, ढोलकी, पेटी, तुणतुणं सगळं स्टेजवर असलेला हवा, आणि बायकांना निवांत बसता येईल अशी पुढची तीन तिकिटं मिळतील का तेही बघा. आईलाही यायचं असेल तर चार.