किल्ली कुलुपात जात नव्हती

नोव्हेंबर २०१६. नोटाबंदीला दहा-बारा दिवस झाले होते आणि मी बँकेत कॅशवर होते, त्यामुळे घरी यायला रोज रात्र व्हायची. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं. त्या दिवशी पावणेनऊ वाजले असतील. गल्लीतला दिवा आठवडाभर बंदच होता. मी फाटकाचं कुलूप काढत होते, तेवढ्यात मागं मोटारसायकल थांबली. एकजण उतरला, त्यानं पर्सचा पट्टा धरला आणि दुसरा हात माझ्या मानेवर टाकला.

मी शोतोकान कराटेची ब्लॅक बेल्ट. पाचवीपासून शिकले, सोळाव्या वर्षी काळा पट्टा मिळाला. घरच्या शोकेसमध्ये जिल्हा स्पर्धेची दोन पदकं होती. आणि त्या क्षणी मी काय केलं, तर कुलपात किल्ली घालत राहिले. मागून माणूस ओढतोय, मान आवळतोय आणि मी किल्ली घालतेय. ती जात नव्हती. बोटं माझी नव्हतीच जणू. शेवटी पट्टा तुटला, ते दोघं गेले. मी अजून किल्लीच घालत होते.

समोरच्या काकू नंतर म्हणाल्या, "गॅलरीतून दोनदा हाक मारली गं तुला." मला एकही हाक ऐकू आली नव्हती. पोलिसांनी चेहरा विचारला, तो सांगता आला नाही. त्याच्या मनगटातलं तांब्याचं कडं मात्र आजही चित्र काढून दाखवीन.

पुढच्या आठवड्यात भेटेल तो एकच विचारायचा, "तू तर ब्लॅक बेल्ट ना?" विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी तो प्रश्न दोन वर्षं उशाशी घेऊन झोपले. मला वाटायचं, माझ्यात काहीतरी खोट आहे. इतकी वर्षं घाम गाळला, आणि वेळ आली तेव्हा मी भित्री निघाले.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात एका मुलीनं मला जवळजवळ याच शब्दांत स्वतःबद्दल सांगितलं. तिला जे तोंडी सांगितलं, तेच इथं नीट मांडते.

जीव धोक्यात आहे असं मेंदूला वाटलं की तो आपल्याला विचारत बसत नाही. अ‍ॅड्रेनलिन रक्तात सुटतं, काळीज धडधडायला लागतं, रक्त मांड्या-दंडांच्या मोठ्या स्नायूंकडं धावतं. हातपाय गार पडतात, बोटांची बारीक कामं बिघडतात. नजर आक्रसते, एकाच वस्तूवर खिळते. कान मिटल्यासारखे होतात. श्वास छातीत वरच अडकतो, म्हणून आवाज फुटत नाही. माझी किल्ली, ते कडं, काकूंची न ऐकू आलेली हाक, सगळं यात बसतं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं १९१५ सालीच 'लढा किंवा पळा' ही शरीराची तयारी मांडली होती. पण तिसरी गोष्ट असते, थिजणं. सशाला कुत्र्यानं धरलं की तो निपचित होतो, तसं. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर उपचारांसाठी आलेल्या २९८ बायकांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के बायकांनी प्रसंगात अंग लक्षणीय थिजल्याचं सांगितलं, आणि जवळपास निम्म्या बायकांत ते अतितीव्र होतं. माझ्या प्रसंगाची त्यांच्या दुःखाशी बरोबरी नाही. पण शरीर तेच. ते आकडे वाचून मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले होते, कारण पहिल्यांदा कळलं की हा भित्रेपणा नव्हता.

मग दहा वर्षांचं कराटे गेलं कुठं? याचं उत्तर मला कुठल्या पुस्तकानं नाही, आबांनी दिलं.

आबा म्हणजे माझे वडील. ते पेठेतल्या तालमीत वाढले, खासबागेत लढले. शाहू महाराजांनी बांधलेलं ते कुस्तीचं मैदान त्यांच्यासाठी देवळासारखं आहे. एका संध्याकाळी त्यांनी मला सरळ विचारलं, "तुज्या त्या क्लासात तुला कुनी खरंखुरं धरलंय का गं कधी? सोडत न्हाई म्हनून?"

मी आठवून पाहिलं. गोहोन कुमिते करायचो आम्ही. समोरचा आधी मोठ्यानं सांगतो की तोंडावर मारणार, मग पाच पावलं पुढं येत पाच ठोसे मारतो. मी पाच वेळा मागं जात अडवते आणि शेवटी एक ठोसा देते. सगळं ठरलेलं, स्वच्छ, उजेडात. काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, तर एकटीनंच करायचा. मला त्या शिक्षणाचा आजही आदर आहे, शरीराला वळण त्यानंच लावलं. पण मला कुणी कधी घाबरवलं नव्हतं. कुणी कधी सोडायला नकार दिला नव्हता.

आबा म्हणाले, "आमी ढाक हा डाव शिकलो वस्तादाकडनं, तवा नुसता बगून न्हाई शिकलो. तालमीतल्या मातीच्या हौद्यात रोज झोंबी. समोरचा पाडायलाच आलेला असतोय. तोंडात माती जातीया, दम कोंडतो, वाटतंय आता मेलो. त्यात डाव लागला तर तो तुजा." आणि मग म्हणाले, "भ्या हौद्यातच घ्यायचं असतंय लेकी. मैदानात न्हवं."

 

माझ्या ज्युदोवाल्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती उडालीच. ज्युदोतही रांदोरी असते, म्हणजे न ठरवलेली, खऱ्या विरोधाची झटापट. २०१८ च्या दिवाळीनंतर आम्ही दोघींनी रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये सहा बायकांना घेऊन सुरुवात केली. आज बावीसजणी येतात. आम्ही काय करतो ते सांगते.

पहिल्या दिवशी हात लावायचाच नाही. फक्त आवाज. समोरून एकजण चालत येते आणि हात पुढं करून ओरडायचं, "मागं हो!" वाटतं सोपं. पहिल्या दिवशी बहुतेकींचा आवाज निघतच नाही. एक शिक्षिका आहेत, रोज साठ मुलांचा वर्ग गप्प करणाऱ्या, त्यांचाही घसा दाटला. ओरडताना श्वास बाहेर पडतो, आणि श्वास बाहेर पडला की थिजलेलं अंग सुटायला लागतं. कराटेतल्या कियाईचा अर्थ मला असा पस्तिशीत कळला. लहानपणी मी ती आरोळी सरांनी मोजलेल्या आकड्यावर द्यायचे, आणि तिचं काम संपलं असं मानायचे.

मग जिना. तीन मजले पळत वर, पळत खाली, लगेच वीस बैठका, आणि धापा टाकत असतानाच प्रत्येकीनं आपल्या पर्समधून किल्ली शोधून कुलूप उघडायचं. त्यानंतर फोनवर ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावून दाखवायचा, कॉलचं बटण न दाबता. हे केलं की आपोआप पटतं की मनगटाचे नाजूक पेच इथं टिकणार नाहीत. म्हणून आमच्याकडं डाव मोजके. तळहाताच्या बुंध्यानं नाकावर किंवा हनुवटीवर, कोपर, गुडघा, आणि सुटलं की पळणं. पळून उजेडाकडं जायचं, चालू दुकानात शिरायचं. पळणं म्हणजे जिंकणं, हे आम्ही दर रविवारी म्हणतो, कारण ते आमच्यातल्या निम्म्याजणींना पटायला महिने लागतात. आणि रोज जे घालतो त्याच कपड्यांत यायचं. साडी, ओढणी, चपला, खांद्याला डबा आणि बॅग. निऱ्या धरून पळायचीही सवय लागते.

पुढं अंधार येतो. भाचा क्रिकेटचं हेल्मेट, बॅटिंग पॅड आणि गादीतला फोम बांधून उभा राहतो. दिवे जातात, कुणीतरी स्टीलची ताटं बडवतं, मोबाईलवर हॉर्न वाजतात आणि तो शिव्या देत अंगावर येतो. शिव्या फार महत्त्वाच्या. चांगल्या घरातल्या बाईला हात धरण्यापेक्षा कानात पडलेली घाण शिवी जास्त थिजवते, हे मी कितीदा पाहिलं आहे. पहिली कानावर इथं पडावी, आपल्या माणसाच्या तोंडून, हॉलमध्ये. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून असं जाड कवच घातलेल्या हल्लेखोराबरोबर बायकांना पूर्ण ताकदीनं मारायला शिकवलं जातं. आमचा फोम गादीवाल्याकडचा आहे, पण हेतू तोच. खऱ्या ताकदीनं मारलं आणि समोरचा कोलमडला, हे अंगानं एकदा अनुभवलं पाहिजे.

इथं माझ्या हातून झालेली एक चूक सांगितलीच पाहिजे. २०१९ च्या सुरुवातीला एक नवी मुलगी आली, जेमतेम वीस वर्षांची. तिसऱ्याच रविवारी मी अंधारात, न विचारता, तिला मागून धरलं. मला वाटलं खरा धक्का हाच खरा सराव. ती खाली बसली, दोन्ही हात डोक्यावर, आणि थरथरत राहिली. तिच्या मागं काय होतं ते मी विचारलंच नव्हतं. ती परत आली नाही. मी फोन केला, माफी मागितली. ती "ठीक आहे मॅडम" म्हणाली, तेवढंच. भीतीची मात्रा लशीसारखी असते, थोडी थोडी द्यायची. एकदम ओतली तर अंग शिकतं ते एवढंच, की आपल्याला काही करता येत नाही. तेव्हापासून आमच्याकडं आधी विचारणं आहे, पायऱ्या आहेत, आणि "बास" म्हटलं किंवा दोनदा थोपटलं की त्या क्षणी सगळं थांबतं. दिवे लागतात, पाणी येतं, सगळ्या गोल बसतात. हात कापत असले तर कापू द्यायचे. अ‍ॅड्रेनलिन उतरतानाची ती थरथर आहे, ती दाबायची नाही.

आता जे सगळ्यात कमी बोललं जातं ते. मला धरणारा अनोळखी होता. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं की बलात्काराच्या नोंदींत दहातल्या नऊहून अधिक वेळा आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. तिथं भीतीच्या आधी भीड येते. "काका आहेत, कसं बोलू", "साहेब आहेत, गैरसमज झाला तर". भीड भिकेची बहीण ही म्हण आपण पैशांसाठी वापरतो, पण मला ती इथं जास्त खरी वाटते. म्हणून महिन्यातला एक रविवार आमचा फक्त भिडेचा असतो. खुर्चीवर शेजारी बसलेला, ओळखीचा, हसून बोलणारा माणूस. तो गुडघ्यावर हात ठेवतो. सांगायचं, "हात काढा." कारण द्यायचं नाही, हसायचं नाही, सॉरी म्हणायचं नाही. अंधारातला फोमवाला सहज आडवा करणाऱ्या बायका इथं अडखळतात. मीही अडखळले.

हे नुसतं माझं मत नाही. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत ८९३ विद्यार्थिनींवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. निम्म्या मुलींना १२ तासांचं शिक्षण मिळालं. त्यात ओळखीच्या माणसातला धोका ओळखणं, मनातली भीड ओलांडणं, तोंडानं आणि हातानं प्रतिकार करणं, हे सगळं होतं. वर्षभरानंतर बलात्काराचं प्रमाण ज्यांना फक्त माहितीपत्रकं दिली होती त्यांच्यात ९.८ टक्के, आणि शिकलेल्या मुलींत ५.२ टक्के. बारा तास म्हणजे आमचे सहा रविवार. दोष नेहमी करणाऱ्याचाच असतो, शिकलेल्या मुलीवरही प्रसंग ओढवू शकतो, आणि तेव्हा तिला कुणी "तू तर शिकली होतीस ना" असं विचारू नये. पण निम्म्याच्या आसपास फरक पडत असेल तर मी दर रविवारी पाचला उठायला तयार आहे.

कायद्याचं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. गरजेपेक्षा जास्त इजा त्यात बसत नाही, म्हणून सुटल्यावर थांबणं आणि निघणं हेही आम्ही घोकून घेतो.

गेल्या वर्षी एसटी स्टँडवर पहाटे एक माणूस माझ्या फार जवळ आला. छाती धडधडली, बोटं गार पडली, सगळं तसंच झालं. पण तोंडातून "मागं हो" निघालं, इतक्या मोठ्यानं की चहावाल्यानं मान वर केली. तो माणूस वळून गेला. मग मी बाकावर बसले आणि दहा मिनिटं थरथरत होते. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला.

घरी येऊन आबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कान चालू हुते का?" होते. चहावाल्याच्या स्टोव्हचा आवाज मला त्या सगळ्यात ऐकू येत होता.

किल्लीचं अजून जमलेलं नाही. परवाच्या रविवारी तीन मजले उतरून आल्यावर माझी किल्ली चौथ्या प्रयत्नात लागली. मैत्रीण घड्याळ लावून उभी होती. शेजारी ती गेल्या महिन्यातली मुलगी आपल्या कुलपाशी झटत होती, आणि आम्ही दोघी पुन्हा जिन्याकडं निघालो.