पार्ट्रिज अँड ऑरेंज: तेवीस बांधल्या, नऊ ठेवल्या

इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या नद्यांवर ब्राउन ट्राउट माशाच्या गळाने मासेमारीचा मोसम 25 मार्चला उघडतो. तोवर डबीत डझनभर चांगल्या ‘पार्ट्रिज अँड ऑरेंज’ फ्लाय (गळावर रेशीम आणि पीस बांधून केलेली, किड्यासारखी दिसणारी आमिषं) असाव्यात, असं जानेवारीतच ठरवलं होतं. आजवर तेवीस बांधल्या, त्यातल्या नऊ ठेवण्याजोग्या निघाल्या. बाकीच्या ब्लेडने सोलून गळ मोकळे केले.

सामान मोजकंच लागतं: 14 नंबरचा गळ, नारिंगी रेशीम आणि ग्रे पार्ट्रिजच्या पाठीवरचं एक तपकिरी, बारीक नक्षीचं पीस. हा पक्षी म्हणजे आपल्या तितराचा इथला भाऊबंद. मासेमारीवर लिहिणाऱ्या टी. ई. प्रिट यांनी 1885 साली छापलेल्या यादीतही ही फ्लाय आहे, फक्त नाव उलट, ‘ऑरेंज पार्ट्रिज’.

रेशमाने माझा सगळ्यात जास्त वेळ घेतला. पिअर्सल्स कंपनीचं ‘गॉसमर’ हे बारीक रेशीम आता तयार होत नाही, जुनी रिळं मिळतील तशी घेऊन जपून वापरतो. गोधडी शिवताना आजी दोऱ्याला मेण चोळायची, तसंच इथेही मधमाश्यांचं मेण चोळायचं. पहिल्या आठ फ्लायना मी कोरडा रंग बघून रीळ निवडलं आणि तिथेच चुकलो. मेण लावलेलं रेशीम भिजलं की गडद होतं, जुन्या मधासारखं दिसतं, आणि माशाला दिसतो तो हाच रंग. आता फ्लाय बांधून झाली की आधी पाण्याच्या वाटीत बुडवून बघतो. दुसरी सुधारणा बॉबिनची, म्हणजे रीळ धरायच्या साधनाची: ते उलटं फिरवून रेशमाचा पीळ सोडला की वेढे चपटे बसतात आणि अंग बारीक राहतं. अंग गळाच्या टोकासमोर येईपर्यंतच न्यायचं. वाकापर्यंत नेलं की फ्लाय जड आणि लांबट दिसते, माझ्या सुरुवातीच्या सगळ्या तशाच झाल्या होत्या.

मग पीस. बुडाची लव काढून टाकायची, शेंड्याकडून पीस गळाच्या नेढ्यामागे बांधायचं आणि गुंडाळायचं. सुरुवातीला मी चार वेढे देत होतो. व्हाइसमध्ये (गळ घट्ट धरणाऱ्या शिकंज्यात) ती फ्लाय फार देखणी दिसायची, पण पाण्यात उघडलेल्या छत्रीसारखी ताठ राहायची. आता पिसाच्या एका बाजूचे तंतू सोलून टाकतो आणि दोनच वेढे देतो. वाटीत बोटाने पाणी हलवलं की उरलेले तंतू अंगाला चिकटतात, पुन्हा सुटतात. किडा जिवंत वाटतो तो या हालचालीमुळे, हे मला पंधराव्या फ्लायला पटलं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात व्हार्फ नदीवर बर्नसॉलजवळ गेलो. पाणी थंड होतं, दुपारी बाराच्या सुमाराला लार्ज डार्क ऑलिव्ह नावाच्या पाणमाश्या उडायला लागल्या. लीडरवर, म्हणजे दोरीच्या टोकाच्या बारीक तुकड्यावर, दोन फ्लाय लावल्या, टोकाला दोन वेढ्यांची आणि वरच्या फाट्यावर चार वेढ्यांची. प्रवाहाच्या वरच्या दिशेला आखूड फेक, आणि फ्लाय पाण्याच्या वेगाने खाली येऊ द्यायची. हाताला झटका बहुधा जाणवतच नाही. पाण्यावरचं लीडरचं टोक क्षणभर थबकतं, तेवढ्यात रॉड उचलायचा. पहिले तीन मासे मी त्या थबकण्याकडे लक्ष न दिल्यामुळे गमावले.

तासाभराने फ्लायच्या जागा बदलल्या, म्हणजे फरक जागेचा की पिसाचा हे कळावं. दिवसभरात पाच ट्राउट लागले, त्यातले चार दोन वेढ्यांच्या फ्लायवर, आणि त्या चारांतला एक जागा बदलल्यावर. पाच माशांवरून काही सिद्ध होत नाही, पण चार वेढ्यांच्या फ्लाय मी डबीतून काढल्या. सर्वांत मोठा अकरा इंचांचा होता, पोटाकडे लोण्यासारखा पिवळा, अंगावर लाल ठिपके. गळांच्या टोकाजवळचे उलटे काटे आधीच पकडीने दाबलेले होते, त्यामुळे सगळे पाण्यातल्या पाण्यातच सुटले.

मुंडकं अजून जाड होतं. शेवटची गाठ मारताना वेढे एकावर एक चढतात. नेढ्यामागे रिकामी जागा सोडायची सवय लागली तरच ते सुधारेल, म्हणून पुढच्या दहा फ्लायमध्ये फक्त तेच बघणार आहे. 16 नंबरचे, म्हणजे आणखी लहान, गळही आणून ठेवलेत. तेवढ्या गळाला पुरतील अशी आखूड तंतूंची पिसं माझ्याकडच्या पार्ट्रिजच्या कातड्यावर मानेजवळ जेमतेम वीस-बावीस आहेत. त्यांना हात लावलेला नाही, ती सप्टेंबरच्या उतरलेल्या पाण्यासाठी राखून ठेवली आहेत.