चंद्राचे नाव लावणारा दगड

माझ्या अंगठीतला चंद्रकांत मणी दिवसाचा बराच वेळ पाणी घातलेल्या दुधासारखा दिसतो. पांढुरका, किंचित गढूळ, ज्याच्याकडे दुसऱ्यांदा वळून पाहावे असे काही नाही. पण लिहिता लिहिता हात कलतो, खिडकीतला उजेड नेमक्या कोनातून त्याच्यावर पडतो आणि त्याच्या पोटातून एक निळसर झाक वर येते, घुमटावरून सरकते आणि हात हलताच विझते. ती पृष्ठभागावर नसते. विहिरीत वाकून पाहावे आणि चंद्रबिंब पाण्याच्याही खाली असल्यासारखे वाटावे, तशी ती कुठेतरी आत असते.

चंद्रकांत, म्हणजेच इंग्रजीतला मूनस्टोन, हा फेल्डस्पार गटातला दगड आहे आणि फेल्डस्पार म्हणजे पृथ्वीच्या कवचात सर्वाधिक आढळणारी खनिजे, म्हणजे कुळ अगदी सामान्य. उच्च तापमानाला त्यातले पोटॅशियमचे आणि सोडियमचे फेल्डस्पार एकजीव असतात. मात्र दगड सावकाश निवू लागला की त्यांचे जमेनासे होते आणि ऑर्थोक्लेज (पोटॅशियमचा) व अल्बाइट (सोडियमचा) यांचे अतिशय पातळ थर एकाआड एक असे वेगळे होतात. आत शिरलेला प्रकाश या थरांवर विखुरतो. थर फार पातळ असतील तर झाक निळी दिसते, जाड असतील तर नुसती पांढरी. एकत्र नांदता न आलेल्या दोघांनी विभक्त होताना घरात एवढा उजेड ठेवावा, हे खनिजांनाच जमते. या झाकेला ॲड्युलरेसन्स म्हणतात. हे नाव स्वित्झर्लंडमधल्या ॲड्युला पर्वतरांगेवरून पडलेल्या ॲड्युलेरिया या खनिजनामापासून आले आहे. कारागीर या दगडाला बहुधा पैलू पाडत नाहीत, तर गुळगुळीत घुमटाचा आकार देतात, आणि तेही आतल्या थरांची दिशा पाहून. ती चुकली तर झाक मध्यावर न येता एका कडेला जाऊन बसते.

अर्थांच्या बाबतीत मात्र हा दगड फार श्रीमंत आहे. चंद्रकांत म्हणजे चंद्राला प्रिय असलेला. चंद्रकिरणांचा स्पर्श होताच तो पाझरतो, असा संस्कृत कवींचा संकेत आहे. मेघदूतातल्या अलकानगरीत दोऱ्यांच्या जाळीला टांगलेले चंद्रकांत मणी मध्यरात्री ढग दूर झाल्यावर थेंब गाळतात आणि स्त्रियांचा शीण घालवतात. हे वाचल्यानंतर एका पौर्णिमेला मी अंगठी रात्रभर बाहेर कठड्यावर ठेवली होती, हे कबूल करायला हरकत नाही. सकाळी तिच्यावर खरोखर पाणी होते. फक्त तितकेच पाणी शेजारच्या लोखंडी गजांवरही होते. रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात, आपल्यात चंद्राची प्रतिमा बाळगणाऱ्या आणि चंद्राच्या कलांप्रमाणे ती वाढवणाऱ्या व घटवणाऱ्या एका रत्नाची नोंद केली. पण शेवटी ‘हे खरे असेल तर’ असे जोडायला तो विसरला नाही. ज्योतिषात हा मोत्याचा उपरत्न म्हणून सांगतात, मन शांत करणारा. पाश्चात्त्यांकडे तो जून महिन्याच्या जन्मरत्नांपैकी एक आहे. माझे मन त्याने शांत केले असे म्हणवत नाही, पण झाक पाहण्यासाठी हात मध्येच थांबतो, एवढे नक्की.

स्वभावाने तो हळवा आहे. खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोज श्रेणीत त्याचे काठिण्य 6 ते 6.5 भरते, तर साध्या धुळीतही सापडणाऱ्या क्वार्ट्झच्या कणांचे 7. म्हणजे कोरड्या फडक्याने प्रेमाने पुसणे हाही त्याच्यावर अन्यायच. शिवाय त्याला दोन दिशांनी सहज दुभंगण्याची खोड आहे, त्यामुळे खरे तर तो अंगठीपेक्षा कानात किंवा गळ्यात अधिक सुरक्षित राहतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड, एवढेच त्याला मानवते.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने 1970 मध्ये मूनस्टोनला राज्यरत्न केले, कारण चंद्रावर माणूस नेणारी उड्डाणे तिथून झाली होती. गंमत अशी, की हा दगड फ्लोरिडात मिळत नाही आणि चंद्रावरून आणलेलाही नाही. मला ही निवड आधी केवळ शब्दांची कोटी वाटली होती. नंतर कळले, की चंद्रावरचा जो उजळ भाग आपल्याला इथून दिसतो, तो मुख्यतः प्लेजिओक्लेज नावाच्या फेल्डस्पारचाच बनलेला आहे. काळे डाग तेवढे बेसॉल्टचे. म्हणजे लांबचे का होईना, नाते आहे. रेनबो मूनस्टोन या नावाने जो विकला जातो तो वास्तविक लॅब्राडोराइट, आणि म्हणून जाणकार त्याला खरा मूनस्टोन मानत नाहीत. पण लॅब्राडोराइट हा प्लेजिओक्लेजच. त्याचे कानातले माझ्याकडे आहे, पेटीत अंगठीच्या शेजारीच ठेवलेले. त्या दोघांत चंद्राचा जवळचा नातेवाईक तोच, हे अंगठीला मी अजून कळू दिलेले नाही.